तिन्ही वाफ्यांना सारखंच

सकाळी कोरड्या वाफ्यात तिची टाच रुतली. फार नाही, बोटभर. पण ज्या जमिनीला एव्हाना भेगा पडलेल्या असायला हव्या होत्या, ती जमीन तिच्या बुटाला चिकटून वर आली, आणि एक पाय उचललेला तसाच ठेवून ती उभी राहिली. कुंपणापलीकडच्या आगारात चालक बसगाड्या मागेपुढे करत होते, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सतरंजी झटकली, कुठल्याशा शाळेची घंटा झाली. शहराच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. पाय चिखलात पडला, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? पण या वाफ्यातल्या सूर्यफुलांना पेरणीनंतर उगवणीपुरतं एकदा पाणी मिळालं होतं आणि त्यानंतर कापणीपर्यंत थेंबही मिळायचा नव्हता. तसं ठरलेलं होतं आणि ठरवणारी ती स्वतःच होती. पाऊस नव्हता. पाइप गळत असेल म्हणून तिने नळ पाहिला, तर तो घट्ट बंद. मग ती बांधाबांधाने मैदानाच्या मधल्या पट्ट्यात गेली, तिथल्या त्याच प्रकारच्या वाफ्यात तिने बोट खुपसलं, बोट ओलं निघालं. भिंतीकडच्या तिसऱ्या वाफ्यापाशी तिने वाकण्याचेही कष्ट घेतले नाहीत. शेजारच्या वाफ्यातल्या फुलांच्या पाठी पिवळ्या पडायला लागल्या होत्या आणि या वाफ्यातल्या अजून हिरव्यागार होत्या, एवढं लांबूनच दिसत होतं. पाइप गळला तर एका ठिकाणी गळतो. तीन वेगवेगळ्या ठिकाणी, नेमक्या एकाच जातीच्या वाफ्यांवर गळत नाही.

कृषी संशोधन केंद्रात तिला पाठीमागे काटा म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की काटा. यात कुणाचा राग नव्हता, थोडंसं कौतुकच होतं. वजनकाट्यावर तिने ठेवलेलं बी दुसऱ्या कुणी पुन्हा ठेवून पाहत नसे. गेली दोन वर्षं तिचा हा प्रयोग चालू होता आणि तो सांगायला अगदी सोपा होता. सूर्यफुलाला पाणी किती द्यायचं आणि युरिया किती द्यायचा? काही वाफ्यांना भरपूर पाणी, काहींना दोनच पाळ्या, काहींना काहीच नाही. आणि त्या प्रत्येकात पुन्हा कुणाला युरियातलं नत्र पूर्ण, कुणाला निम्मं, कुणाला शून्य. प्रत्येक जोडीचे तीन तीन वाफे, मैदानात विखुरलेले, म्हणजे एखाद्या कोपऱ्यातली माती चांगली निघाली तरी तिचा फायदा एकट्यालाच नको. भरपूर पाण्याला पूर्ण नत्र मानवायचं; तेलाचा उतारा जरासा उतरायचा, पण बी इतकं यायचं की ती तूट भरून निघायची. गंमत कोरड्या वाफ्यांत होती. तिथे पूर्ण नत्र दिलेली रोपं सुरुवातीला अशी काही माजायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. रुंद पानं, जाड देठ, काळपट हिरवा रंग. त्या पानांच्या भरात जमिनीतली सगळी ओल महिन्या-दीड महिन्यात पिऊन टाकायची आणि फुलोऱ्याच्या वेळी, नेमकी गरज असताना, खाली काही शिल्लक नसायचं. फूल उमलायचं, दाणे धरायचे आणि अर्धे पोकळ राहायचे. निम्मं नत्र दिलेली रोपं शेजारी बुटकी, फिकट, कुणाच्या नजरेत न भरणारी. पण त्यांची ओल पुरायची आणि बी त्यांचंच जास्त यायचं. दोन्ही वर्षं हेच आलं होतं. म्हणजे जिथे पाणी नाही तिथे नत्र निम्मंच द्या, उरलेलं देऊन नुकसान करून घेऊ नका. एवढीच शिफारस तिला करायची होती. शिफारशीला तीन हंगाम लागतात आणि हा तिसरा होता. हंगाम संपला की ती निवृत्त होणार होती, आणि तिच्या पाठोपाठ हे मैदान शेजारच्या आगाराला जाणार होतं. मोजणीचे खुंट ठोकूनही झाले होते. चौथा हंगाम तिला नव्हता आणि मैदानालाही नव्हता. तिच्या सगळ्या नोकरीतून जगाला उपयोगी पडेल असं एक वाक्य निघायचं होतं, ते या वर्षाच्या कोरड्या, पूर्ण नत्राच्या तीन वाफ्यांवर अडलं होतं, आणि ते वाफे ओले होते.

शेत-सहायक नळीची वेटोळी खांद्यावर टाकून आला तेव्हा तिने आवाज न चढवता विचारलं, "या वाफ्यांना पाणी कुणी दिलं?"

सहायक वीस वर्षांचा जुना माणूस. त्याने नळी खाली ठेवली. "म्हणजे? तुम्हीच सांगितलं होतं ना, मॅडम?"

"मी?"

"आत्याबाई येत होत्या की दुपारी. आम्ही जेवायला बसलो की यायच्या. मला वाटलं, तुम्ही काहीतरी नवीन बघताय. तुमच्या घरचं माणूस, मी कसं विचारणार? उलट नळी इकडची तिकडे मीच ओढून दिली दोनदा. त्यांच्याच्याने ओढवत नव्हती."

"कधीपासून?"

"फुलं उमलली तेव्हापासून. रोज नाही, मधूनमधून." तिच्या तोंडाकडे बघून त्याच्या काय ते ध्यानात आलं. "नव्हतं सांगितलं का तुम्ही?"

ती म्हणाली, "बघते मी." आणि कार्यालयाकडे वळली. चालताना आपण वाफ्यांच्या कडेने, एकही रोप न दुखावता चाललो आहोत हे तिला कळत होतं. ज्याचं सगळं मुसळ केरात गेलं आहे त्याने खरं तर आडवंतिडवं चालायला हरकत नव्हती. एका वाफ्याचं काही बिघडलं असतं, गाय शिरली असती, वारा घुसला असता, तरी निभावलं असतं. उरलेल्या दोन भावंडांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधायची रीत असते, ती सगळीकडे मान्य आहे. पण तिन्हींच्या तिन्ही भिजल्यावर अंदाज कशावरून बांधायचा? आत्याने एकाला पाणी घालून सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच असंही आलं की आत्याच्या हातून असं होणं शक्यच नव्हतं. आत्या एकाला देऊन दुसऱ्याला ठेवणारी बाईच नव्हे.

प्रयोगशाळेत मागच्या खेपेचं बी तेल काढायला लावलेलं होतं. काचेच्या नळ्यांतून द्रावक चढत-उतरत होतं, त्याचा गोडसर, डोकं जड करणारा वास खोलीभर होता. ती स्टुलावर बसली. समोरच्या तीन नळ्यांत तेल सारख्या उंचीवर आलं आहे का ते पाहण्यासाठी तिने डोळे त्या पातळीला आणले, आणि तशीच बसून राहिली. लहानपणी आत्याच्या स्वयंपाकघरात ओट्यावर तीन पेले असायचे. आत्या गुडघ्यात वाकायची, पेल्यांच्या काठाला डोळा लावायची, आणि एखाद्यात चमचाभर दूध जास्त वाटलं तर ते दुसऱ्यात ओतायची. एक पेला थोरल्याचा, एक धाकट्याचा आणि एक तिचा. ते दोघे आत्याचे मुलगे, ती भावाची मुलगी. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडिलांनी तिला आत्याच्या दारात सोडलं आणि ते नोकरीच्या गावी गेले, मग तिकडेच दुसरं घर मांडून बसले. आत्याने तिला आत घेतलं ते एका वाक्यावर. "पोरकी म्हणून कमी नाही आणि पोरकी म्हणून जास्त नाही." हे वाक्य तिने शेजारणींना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, आणि पाळलं. एकाच ताग्याचे तिघांचे कपडे. चुकलं तर तिघांना एकसारखी चापट. थोरल्याला ताप आला तेव्हा आत्या त्याच्या उशाशी दोन रात्री बसली. पुढे हिला ताप आला तेव्हाही दोन रात्री बसली, आणि तिसऱ्या दिवशी ताप होता तरी उठून कामाला लागली. त्यात अन्याय कुठे होता? कुठेच नव्हता. शेजारच्या बायका आत्याचं नाव काढायच्या, नातेवाइकांत तर तिचा दाखला द्यायचे. सहा वर्षांची पोर मात्र दूध पिऊन झालं की रिकामा पेला ओट्यावर पुढे सरकवायची. तोंडाने मागायची नाही, नुसता सरकवायची. तिला दूध फारसं आवडायचंही नाही. आत्या तो पेला उचलून इतर दोघांबरोबर घासायला टाकायची. असं किती दिवस चाललं कोण जाणे; एके दिवशी पोरीने पेला सरकवायचं सोडून दिलं. पुढे शाळेत तराजू आला, मग काटा आला, मग दशांश चिन्हानंतरचे आकडे आले, आणि तिला आपोआप सगळं जमत गेलं. शिक्षक म्हणायचे, हिचा हात स्वच्छ आहे. कुणाला झुकतं माप नाही. त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे, हे तिला खरंच कळायचं नाही.

पुढे आत्याचा नवरा गेला, थोरला आणि धाकटा आपापल्या संसारात दूर निघून गेले, दोघांच्या घरी सारखाच काळ राहून आत्या शेवटी हिच्याकडे आली. का, ते आत्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. हिने लग्न केलेलं नव्हतं; त्याबद्दलही आत्याने विचारलं नाही. केंद्राच्या निवासातली दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली अख्खं मैदान. बारा वर्षं दोघी त्या घरात एकमेकींचा अडथळा न होता राहत होत्या. जेवताना ही बोलायची ते कामाचंच. यंदा कळी लवकर आली, अमक्या वाफ्यात पक्षी बसतायत, तिन्ही ठिकाणी सारखं केलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. आत्या ऐकत जेवायची. ऐकते आहे असं हिला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आत्या ओट्यापाशी उभी राहून किसणी घासत होती. ऐंशीच्या घरातली बाई, पण अजून पाठीत वाक नव्हता. हिने पिशवी खुर्चीवर ठेवली. दिवसभर जुळवलेली वाक्यं तिच्याजवळ होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"आत्या, खाली शेतात पाणी तू घातलंस?"

"घातलं."

"का?"

"माना टाकल्या होत्या त्यांनी." आत्याने किसणी उजेडाकडे धरली. "दुपारी बघवत नव्हतं गं. बाकीच्या वाफ्यांतली कशी ताठ उभी, आणि ही तीन ठिकाणची पार ओशाळल्यासारखी. रोज इथून दिसतात."

"त्यांनी माना टाकायच्याच होत्या. त्यासाठीच पेरली होती ती."

"माना टाकायला कुणी पेरतं का?"

"मी पेरते."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी वाईट झालं आहे हे तिला आता समजलं असावं, कारण तिने किसणी जागेवर न ठेवता हातातच धरली. मग समजूत काढावी तशा आवाजात ती म्हणाली, "हे बघ, तिन्हीकडे सारखंच घातलंय हं मी. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असं केलेलं नाही. नळ सोडला की एकोणतिसाचा पाढा म्हणायचे, पाढा संपला की बंद. तिन्हीकडे एकेक पाढा. तू नेहमी सांगतेस ना, सारखं नसलं तर अर्थ नाही म्हणून."

ती हसली. तिला हसू आवरेना, आणि ते हसू बरं नव्हतं हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. "एकालाच घातलं असतंस तर चाललं असतं, आत्या. एकाला घालून सोडून दिलं असतंस तर माझं काही बिघडलं नसतं."

"एकालाच? आणि बाकी दोघांनी काय घोडं मारलं होतं?"

तिने पाणी प्यायलं. बाहेर आगारात दिवे लागले. तिन्ही वर्षं फुकट गेली, मैदान जाणार, मी जाणार, शिफारस होणार नाही, असं तिने दोन वाक्यांत, हवामान सांगावं तसं सांगितलं. आत्या खाली बसली. मग हिच्या तोंडून असं काही निघालं जे त्या दिवसभरात तिने जुळवलेलं नव्हतं. "मला कधी जास्त दिलंस का गं तू?"

"कमी दिलं का?"

"नाही."

"मग?"

हिशेब चोख होता. तिला त्या क्षणी इतका राग आला की तो कुणावर आहे हे ठरवायलाही वेळ लागला. आत्यावर नव्हता, निदान पुरता आत्यावर नव्हता. तो त्या तीन वाफ्यांवर होता. कुणी न मागता, नळी फरफटत ओढत, दुपारच्या उन्हात जाऊन म्हातारीने त्यांना पाणी घातलं, कारण त्यांची अवस्था तिला बघवली नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी असंच काही न बघवायला काय हरकत होती? आपण एका पिकाचा मत्सर करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला आपलीच कीव आली. आत्या स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "लोक माझ्या हाताकडे बघत होते. भावाच्या पोरीला कमी करते का, म्हणून. आणि जास्त करते का, ते बघायला माझी दोन घरात बसलेली होती. मी काय करायचं होतं, सांग बघू?" तिला सांगता आलं नसतं. आत्याच्या जागी ती असती तर तिनेही पेल्यांच्या काठाला डोळाच लावला असता.

त्यानंतर शिफारस तपासणारी पाहणी समिती यायला पंधरा दिवस होते, आणि ते पंधरा दिवस तिने फार विचित्र शांततेत काढले. कामं नेहमीसारखी चालली. पक्ष्यांसाठी जाळी लावली, कोरड्या वाफ्यांकडे जाणाऱ्या नळ्या काढून ठेवल्या, आत्या दुपारी खाली उतरली नाही. मनात मात्र एक विचार पाळलेल्या मांजरासारखा येऊन बसायचा, हाकलला तरी थोड्या वेळाने पुन्हा मांडीवर. भिजलेल्या वाफ्यांचे आकडे काय यायला हवे होते हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांचे आकडे, यंदाचं तापमान, शेजारच्या निम्म्या नत्राचं रूप, एवढ्यावरून ती डोळे मिटून ते काढू शकत होती आणि ते फारसे चुकलेही नसते. काट्याने दिलेला आकडा कोण तपासणार? सहायक तर मूग गिळून बसला होता, त्याने एकदा नुसतं विचारलं, "मॅडम, कळणार कुणाला?" आणि तिच्या नजरेला नजर न देता निघून गेला. मुळात ती खोटं तरी काय सांगणार होती? शिफारस खरीच होती. उलट जसं आहे तसं तोलून दिलं असतं तर कोरड्या जमिनीत पूर्ण नत्राने छान पीक येतं असं दिसलं असतं, आणि ते सरळ सरळ खोटं ठरलं असतं. म्हणजे खरं वजन खोटं बोलत होतं आणि खोटं वजन खरं. सकाळी दात घासताना, बसच्या रांगेत, लिफ्टच्या आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे बघताना ती हा पेच उलटसुलट करून पाहायची आणि तिला त्यात एक तऱ्हेची मजाही वाटायची. घाबरायला हवं होतं, पण भीती येत नव्हती. एकदा तिने प्रयोगशाळेत बसून त्या तीन वाफ्यांची वजनं मनातल्या मनात ठरवलीसुद्धा. पहिल्याचं जरा कमी, दुसऱ्याचं जरा जास्त, म्हणजे खरी वाटतील. ठरवून झाल्यावर तिला जाणवलं की आयुष्यात पहिल्यांदा आपण तिघांना असमान देतो आहोत, आणि तेही खोटं.

समितीत तिघे आले. पाहणीप्रमुख तिच्याच हाताखाली शिकलेला, आता पोट सुटलेला, डोक्यावर टोपी, पण बांधावरून अजून विद्यार्थ्यासारखाच तिच्या मागून चालणारा. कापणीवर आलेलं मैदान करड्या रंगाचं झालं होतं. फुलांच्या पाठी वाळून तपकिरी, पानं कुरकुरीत, बी टणक. "मॅडम, तुमच्या वाफ्यात आम्ही काय बघायचं?" तो म्हणाला. "शेवटचा हंगाम तुमचा. शिफारस मंजूर झाली असंच समजा. मी तर म्हणतो, आधी चहा घेऊ."

हे इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. नुसतं मान हलवून चहाकडे वळायचं होतं. ती कोरड्या वाफ्यापाशी थांबली. "या तीन वाफ्यांना फुलोऱ्यापासून पाणी मिळालंय," ती म्हणाली. "कोरडे नाहीत ते. तिन्ही बाद."

प्रमुखाने आधी वाफ्याकडे, मग तिच्याकडे, मग बरोबरच्या दोघांकडे पाहिलं. "पाणी? कुणी दिलं?"

"घरच्या माणसाने."

"चुकून?"

तिने जरा विचार केला. "नाही. त्यांना बघवलं नाही म्हणून."

बरोबरचे दोघे एकाएकी शेजारच्या वाफ्यातली फुलं निरखू लागले. प्रमुखाने टोपी काढली, पुन्हा घातली. तो हलक्या आवाजात म्हणाला, "कशाला सांगितलंत, मॅडम? आम्ही कुठे विचारत होतो?" त्याच्या आवाजात चीड होती आणि तिच्याबद्दलची माया होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने उन्हावर ढकललं. दोन हंगामांचं निरीक्षण म्हणून अहवालात चार ओळी येतील, शिफारस म्हणून काही जाणार नाही, असं ठरलं. तेही उभ्या उभ्याच ठरलं. मग चहा झाला, निवृत्तीनंतर काय करणार याची चौकशी झाली, प्रमुख जाताना तिच्या पाया पडायला वाकला आणि तिने त्याला अर्ध्यावर धरलं. गाडी फाटकाबाहेर गेली. सहायक तिच्याकडे बघत उभा होता. तिने त्याला घरी पाठवून दिलं.

मैदानात ती एकटी राहिली. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याला कुठेही टोक नव्हतं. इतकी वर्षं जी जमीन पाहिली की हात आपोआप जाळीकडे, फुटपट्टीकडे, पिशवीकडे जायचे, त्या जमिनीत आता कशालाच हात लावायची गरज उरली नव्हती. कोरडे वाफे आता कोरडे राहिले काय आणि न राहिले काय. ती मधल्या पट्ट्यातल्या वाफ्यापाशी आली. तिघांतला हाच वाफा का, हे तिला सांगता आलं नसतं. माती सारखी, रोपं सारखी. तिने नळी जोडली, तोंड वाफ्यात टाकलं आणि नळ सोडला. पाणी वाळलेल्या पानांवर आधी टपटपलं, मग सरीत उतरून देठांच्या बुडाशी पसरत गेलं. त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता. दाण्यांची संख्या कळीतच ठरून जाते, वजन फुलोऱ्यानंतर ठरतं, आणि दाणा एकदा टणक झाला की मुळाशी समुद्र आणून ओतला तरी तो गुंजभर वाढत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती नळाशेजारच्या कठड्यावर बसली आणि पाणी जाताना बघत राहिली. तिने घड्याळ पाहिलं नाही.

आत्या कधी खाली आली ते तिला कळलं नाही. भिंतीचा आधार घेत, बांधावर जपून पाय टाकत ती आली आणि शेजारी उभी राहिली.

"काय म्हणाले?"

"गेलं सगळं."

पाणी वाफा भरून बांधाच्या कडेला आलं होतं. आत्याने उरलेल्या दोन वाफ्यांच्या दिशेने हात केला. "आणि त्या दोघांना?"

"त्यांना नाही."

"का गं?"

"असंच. याला एकट्यालाच."

आता आत्या म्हणेल, हे बरं नाही, किंवा स्वतःच नळी उचलून पलीकडे नेईल, अशी तिला खात्री होती. पण आत्या नळीला शिवली नाही. ती बराच वेळ त्या एका वाफ्याकडे बघत राहिली. बांध एके ठिकाणी खचला आणि पाणी पायवाटेवर आलं, वाया जाऊ लागलं. एरवी तिने लगेच पदर खोचला असता.

"मला दिसायचं गं," आत्या म्हणाली. "तू पेला सरकवून मागायचीस ते. दिसत नव्हतं असं नाही."

तिने वर पाहिलं नाही. तिला राग आला, आणि तो पहिल्यांदा नेमक्या माणसावर आला, आणि त्याने तिला फार बरं वाटलं. तिने हात लांब करून नळ आणखी एक वळसा मोकळा केला.